अमेरिकेत हिमवादळाचा इशारा एकदा फोल ठरला, तर पुढचा मनावर घ्यावा का?

हो, घ्यायलाच हवा. बऱ्याचदा चुकते ती वादळाची वाट, त्याचा जोर नव्हे. जानेवारी २०१५मध्ये वादळ थोडं पूर्वेला सरकलं आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात जेमतेम १० इंच बर्फ पडला, पण शेजारच्या लाँग आयलंडवर काही ठिकाणी २ फूट. डिसेंबर २०२२मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात इशारा आधीच मिळाला होता, तरी त्या परिसरात ४०हून अधिक माणसं गेली, काही तर गाडीत अडकून. अमेरिकेतला 'ब्लिझर्ड' (तीव्र हिमवादळ) इशारा म्हणजे किमान ३ तास ताशी ५६ किमीचे वारे आणि ४०० मीटरपलीकडचं काही न दिसणं. तेव्हा बाहेर पडूच नका. मात्र नुसता 'वॉच' (आधीची सूचना) असेल, तर ती वादळाची फक्त शक्यता असते: औषधं, पाणी, ब्लँकेटं जमवा, कामं लगेच रद्द करू नका.