चार-पाच वर्षांच्या मुलांना अंतराळ आणि अंतराळवीर कसे समजावून सांगावेत?

ग्रहांची नावं पाठ करून घेण्याची घाई नको. आधी संध्याकाळी गच्चीवर घेऊन जा. सोलापुरात उन्हाळ्यात आभाळ बहुतेक मोकळं असतं. सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे कधीकधी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जाताना दिसतं; न लुकलुकणारा, सरळ सरकणारा तेजस्वी ठिपका. नासाच्या संकेतस्थळावर वेळा मिळतात. 'त्यात आत्ता माणसं आहेत' एवढं सांगा, प्रश्नांचा पाऊस पडेल!

मग भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला. २०२५ मध्ये ते तिथे राहून आले, सोबत गाजर हलवा आणि आमरस नेला होता. हे मुलांच्या पक्कं लक्षात राहतं. त्याआधी १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले होते, तेही सांगा.

एक गोष्ट मात्र चुकीची शिकवू नका. 'वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून तरंगतात' असं नाही. सुमारे ४०० किमी उंचीवरही ते बरंच असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्र पृथ्वीभोवती सतत पडत असतात. तळाशी भोक पाडलेली पाण्याची बाटली हातातून सोडून दाखवा: पडताना धार थांबते.

सुट्टीत आपल्या सोलापूर विज्ञान केंद्रातही न्या.