पाचवा महिना चालू आहे आणि सोलापुरात नळाला गढूळ, वास येणारं पाणी येतंय. बाळाला धोका आहे का?

हो ताई, आहे. ते पाणी आजपासून उकळल्याशिवाय पिऊ नका. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होतं, टायफॉइडचा ताप चढला तर गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती हिपॅटायटिस ई या काविळीची. एरवी ती बहुतेकांची आपोआप बरी होते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र यकृत निकामी होऊन १०० पैकी २०-२५ बायका दगावू शकतात. लक्षणं २ ते ८ आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे आज बरं वाटतंय म्हणून निर्धास्त राहू नका.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही, साठवावंच लागतं. पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळा, झाकून ठेवा आणि ओगराळ्यानेच काढा. नुसतं गाळणं किंवा तुरटी फिरवणं पुरत नाही, जंतू राहतातच. बाहेरचा बर्फ आणि उसाचा रस सध्या नकोच.

बोअरचं पाणी पीत असाल तर त्यातलं नायट्रेट (खतं आणि सांडपाण्यातून जमिनीतल्या पाण्यात उतरणारा क्षार) तपासून घ्या. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि उकळून नायट्रेट कमी होत नाही, उलट वाढतं.

लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, सारखी मळमळ, ताप, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर झाडपाल्याच्या औषधात वेळ घालवू नका. त्याच दिवशी सिव्हिलला किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा, रात्र असली तरी.