नवी हिरो एक्सपल्स २०० ४व्ही प्रो (ऑफ-रोडची मोटरसायकल) घेतली आहे. रन-इन (नवं इंजिन बसेपर्यंत जपून चालवणं) कसं करावं आणि ऑफ-रोडसाठी सेटिंग काय काय करून घ्यावी? (ठाणे)

तुम्ही लिहिलंय की काका म्हणतात हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर नेऊ नकोस, आणि मित्र म्हणतो पहिल्या दिवसापासून रगड, तरच गाडी मोकळी होते. काकांचा सल्ला त्यांच्या काळच्या गाड्यांना लागू होता. मित्राचा कुठल्याच गाडीला नाही. पण मला विचाराल तर दोघंही फक्त इंजिनाबद्दल बोलतायत, आणि या गाडीत इंजिन हा सगळ्यात कमी काळजीचा भाग आहे. जरा अक्कल वापरून चालवलं की आजचं इंजिन बसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत लक्ष द्यायला लागतं ते चाकांच्या आऱ्यांकडे, शॉकअपकडे, कोनसेटकडे (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) आणि चेनकडे. पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल बदललं जातं, गाडी धुतली जाते, चेनवर स्प्रे मारला जातो. आऱ्यांना सहसा कोणी हातही लावत नाही.

तरी इंजिनाचं आधी उरकून टाकू. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून बसतात, आणि त्यांना भिंतीवर दाबून धरतो तो जळणाऱ्या गॅसचा दाब. म्हणजे थोडा लोड यायलाच हवा. नुसतं चाळीसने रांगत राहिलात तर रिंगा नीट बसत नाहीत, भिंत गुळगुळीत होते आणि पुढे गाडी ऑइल प्यायला लागते. दुसरीकडे नव्या भागांत घर्षण जास्त, त्यामुळे उष्णताही जास्त. म्हणून रेडलाइनपर्यंत (आरपीएमच्या वरच्या मर्यादेपर्यंत) ताणणंही नको. मधल्या आरपीएमवर ठेवा, थ्रॉटल कमी-जास्त करत राहा, गिअर बदलत राहा, उतारावर थ्रॉटल सोडून इंजिन ब्रेकिंग होऊ द्या. वरच्या गिअरमध्ये गुरगुरत चढ चढवणं मात्र टाळा, ते वेगापेक्षा वाईट. मॅन्युअलमधली किलोमीटरची मर्यादा पाळाच, वॉरंटीचा प्रश्न आहे. पहिलं सर्व्हिसिंग त्यात दिलेल्या किलोमीटरांच्या किंवा दिवसांच्या आतच करा आणि बिल जपून ठेवा. ऑइलच्या डब्यावर जॅसो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं असू द्या. कारचं ऑइल कोणी स्वस्तात देत असेल तर नको, क्लच स्लिप व्हायला लागेल.

ठाण्यात हे सगळं करायचं कुठे, हा खरा प्रश्न. घोडबंदर रोडच्या गर्दीत माजिवड्यापासून गायमुखपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून सरकणं म्हणजे रन-इन नव्हे. गाडी ऑइल-कूल्ड आहे, वारा लागल्याशिवाय थंड होत नाही. नाशिक हायवेला एकाच वेगाने तासभर जाणंही उपयोगाचं नाही. (एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तो मोह नाहीच.) माझं मत विचाराल तर रविवारी उजाडता निघा, कल्याण ओलांडून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेजच्या पायथ्यापर्यंत जा. चढ-उतार आहेत, वळणं आहेत, मध्ये मध्ये गावं आली की वेग आपोआप कमी-जास्त होतो. वाटेत चहाला थांबा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग पुढे. परतताना ठाण्यात ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत घरी.

आता आरे. नव्या चाकात आऱ्याचं डोकं हबमध्ये आणि निपल (आरा कसायची छोटी नट) रिममध्ये अजून पुरतं बसलेलं नसतं. पहिल्या दगडधोंड्यांच्या रस्त्यावर ते बसतं, आणि बसलं की आरा ढिला पडतो. एक ढिला पडला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो, मग एक दिवस दोन-तीन तुटलेले सापडतात. गाडीच्या खाली ठोकळा देऊन चाक उचला, स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने एकेक आऱ्यावर हलकेच टकटक करत चाक फिरवा. ताणलेला आरा टिंग वाजतो, ढिला थड वाजतो. कानाला फरक लगेच कळतो, शिकायला लागत नाही. घट्ट करायचा तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि ओळीने सगळे न कसता दोन सोडून तिसरा अशा क्रमाने. जमणार नसेल तर आउट काढणारा (वाकडं फिरणारं चाक सरळ करणारा) जुना कारागीर शोधा. स्टेशनच्या आसपासच्या सायकलवाल्यांना विचारलंत तर कोणीतरी नाव सांगतं. हे लोक चाक स्टँडवर फिरवतात, रिमला लागेल न लागेल असा खडू धरतात आणि खडूची खूण जिथे उमटेल तिथलेच आरे सोडतात-कसतात. काम बघत उभं राहा, बघण्यासारखं असतं. पहिल्या कच्च्या रस्त्यानंतर एकदा, नंतर दर मोठ्या राइडनंतर हे करायचं.

शॉकअपबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रो घेण्याचं कारणच ते आहे. पुढे २५० मिलिमीटर आणि मागे २२० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलतं ते अंतर), दोन्हीकडे ॲडजस्ट करता येतं. पण सीटची उंची ८९१ मिलिमीटर. पाय टेकत नाहीत म्हणून लोक मागचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवायचं प्रमाण) सोडून गाडी खाली बसवतात. मग तेवढे पैसे कशाला दिले? उंचीवर उपाय म्हणजे थांबताना कंबर एका बाजूला सरकवून एकच पाय टेकायची सवय. आठवडाभरात अंगवळणी पडतं.

प्रीलोड ठरवायचा तो मोजून. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिंप्याची टेप घेऊन तुमच्याखेरीज दोन माणसं पुरतात, वॉचमनकाकांना हाक मारा. मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून सरळ वर, मागच्या मडगार्डजवळच्या एका ठरलेल्या बोल्टपर्यंत अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर. तेच अंतर पुन्हा. मग तुम्ही पूर्ण गिअरमध्ये, म्हणजे हेल्मेट, बूट, आर्मर सगळं घालून फूटरेस्टवर उभे राहा, एक-दोनदा हलके दाबून सीटवर बसा. एकाने हँडल धरायचं, एकाने मोजायचं. साध्या कपड्यांत मोजू नका, गिअरचं वजन सात-आठ किलो सहज भरतं. पहिल्या आकड्यातून तिसरा वजा केला की जे येतं ते साधारण ट्रॅव्हलच्या एक-तृतीयांश हवं, इथे ७० मिलिमीटरच्या आसपास. जास्त आलं तर प्रीलोड वाढवा, कमी आलं तर सोडा. आता पहिल्यातून दुसरा वजा करून बघा. तुमच्यासकट आकडा बरोबर येतो, पण गाडी स्वतःच्या वजनावर जवळजवळ खाली बसतच नाही, असं असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे आणि प्रीलोडने ती कमतरता झाकली जातेय. अशा वेळी कितीही कसलं तरी फायदा नाही, स्प्रिंगच बदलावी लागते.

हे मोजमाप दोनदा करा. नवे सील आणि बुश सुरुवातीला अडकून चालतात, पाचेकशे किलोमीटरनंतर आकडा बदललेला दिसेल. कंप्रेशन आणि रिबाउंडच्या (शॉकअप दबायचा आणि परत वर यायचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूंच्या) क्लिकना तोपर्यंत हात लावू नका. लावाल तेव्हा आधी पूर्ण घट्ट करत किती क्लिक होतात ते मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट दोन क्लिकने बदला. व्हिडिओ बघून सगळं एकदम फिरवलं की कशामुळे काय झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

हँडल आणि लिव्हर उभं राहून सेट करा, बसून नाही. फूटरेस्टवर उभे राहा, डोळे मिटा, हात सहज पुढे न्या. बोटं लिव्हरवर पडली आणि मनगट सरळ राहिलं तर झालं. कंपनीतून लिव्हर बहुतेक वर असतात, थोडे खाली घ्यावे लागतात. लिव्हर हाताने फिरवल्यावर जेमतेम फिरेल इतकेच क्लॅम्पचे बोल्ट कसा आणि खाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या. पडल्यावर लिव्हर फिरतो, तुटत नाही. आणि पडाल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. गिअरचा पेडल जाड बुटाला अर्ध्या बोटाने वर लागतो, तो आताच करून घ्या.

चेन ताणलेली दिसली की आपल्याकडे सगळ्यांना बरं वाटतं. लांब ट्रॅव्हलच्या गाडीत ते घातक आहे. शॉकअप दबतो तसं पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात, तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर घट्ट असलेली चेन त्या क्षणी गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेला ढिलेपणा टेपने मोजून ठेवा. कोनसेट तपासायला पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे हलवा. हँडलच्या मुळाशी टक असा आवाज आला तर कसून घ्या, आणि कसतानाच आत ग्रीस आहे का ते बघायला सांगा. पावसाळ्याच्या आधी हे झालेलं बरं.

टायरमध्ये ट्यूब आहे हे लक्षात असू द्या. मातीत उतरताना मी १८ ते २० पीएसआयवर आणतो. त्याहून खाली गेलं आणि दगड आला तर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चावली जाते. परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरायची, म्हणजे पंप सोबत हवाच. एअर फिल्टर पहिल्या धुळीच्या राइडनंतर उघडून बघा. घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ खाल्ली असेल तर राइडचीही वाट बघू नका. फिल्टरचा कागद तेलकट असेल तर हवा मारून साफ करू नका, बदला.

पैसे खर्च करायचे तर बॅश प्लेट (इंजिनाखालची संरक्षक पट्टी) आणि हँडगार्डवर करा. सायलेन्सर बदलायचा विचार असेल तर सोडून द्या, दंड होईल आणि सोसायटीत भांडण होईल ते वेगळं.

राहता राहिली जागा. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तुंगारेश्वर आणि तानसा अभयारण्यं आहेत. तिथे वाट सोडून गाडी घालायची नाही. ठाणे सोडून मुरबाड-शहापूरकडे भातकापणी झाली की शेतं कडक होतात, नोव्हेंबरपासून मेपर्यंत सरावाला उत्तम. मालकाला विचारून उतरा, बहुतेक जण हो म्हणतात. बांधावरून मात्र चाक घालू नका. तो फुटला तर पुढच्या लावणीला पाणी ठरत नाही, आणि मग पुढच्या माणसाला कोणी हो म्हणत नाही.

तुमचं वजन आणि मोजलेले तीन आकडे इथे टाका, प्रीलोडचं बघू.