घरात कुबट वास येतो, पण बुरशी कुठेच दिसत नाही. शोधायची कशी?

बेडरूममध्ये कित्येक महिने कुबट वास येतोय, भिंतींवर डाग नाही, फरशी रोज पुसता, रूम फ्रेशनरही वापरून झाले, आणि आता भिंतींना बुरशीरोधक रंग लावावा का, असं तुम्ही विचारलंय. रंग आत्ता लावू नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतातच, ओल मिळेल तिथेच ते रुजतात. आणि तो वास म्हणजे वाढणाऱ्या बुरशीने सोडलेले वायू. म्हणजे डाग दिसत नसला तरी कुठेतरी ओल आहे असं धरून चाला.

मी या वासामागे आठ महिने घालवलेत. मुलीला दमा आहे, आणि त्या खोलीत झोपली की तिचा खोकला वाढायचा, म्हणून पिच्छा सोडला नाही.

सुरुवात नाकापासून करा, पण सकाळी उठल्या उठल्या नको. रात्रभर त्याच हवेत झोपलं की नाक सरावतं आणि वास जाणवेनासा होतो. खोलीची दारं-खिडक्या लावून, पंखा आणि एसी बंद करून चार-पाच तास तशीच ठेवा. शेवटचा अर्धा तास घराबाहेर मोकळ्या हवेत काढा. परत आल्यावर पहिले दोन-तीन श्वास खरं सांगतात. मग गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेकडेने जा. कोपरे, खिडकीच्या चौकटीची खालची बाजू, गादीची खालची बाजू, बंद कपाट जेमतेम फटीएवढं उघडून आतली हवा, सगळीकडे हुंगा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती बुरशी नव्हे, ड्रेनेज आहे. फारशा न वापरल्या जाणाऱ्या सांडपाण्याच्या जाळीत पाणी ओतून पाहा, तिच्या खालचा ट्रॅप (पाणी साठवून गटाराचा वास अडवणारा भाग) कोरडा पडला असेल तर तेवढ्यानेच वास थांबतो.

वास कधी वाढतो तेही लिहून ठेवा. पावसानंतर वाढत असेल तर बाहेरची भिंत, गच्ची किंवा खिडकीचे सांधे बघा. एसी सुरू केल्यावर येत असेल तर त्याची पाण्याची ट्रे आणि निचऱ्याची नळी. बारा महिने सारखाच असेल तर मला पाइपावर संशय येतो. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा आणि सकाळी पुन्हा बघा.

इथे मी फसलो होतो. मीटर जागचा हलला नाही, म्हणून पाइप ठीक आहेत असं मी ठरवून टाकलं. पण मीटरला फक्त येणाऱ्या पाण्याची गळती कळते, वाहून जाणाऱ्या पाण्याची नाही. आमच्याकडे बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपच्या कडेचा सांधा सुटला होता. अंघोळीचं पाणी थोडंथोडं भिंतीत मुरत होतं, आणि त्या भिंतीच्या पलीकडे, तिला अगदी चिकटून, बेडरूममधलं कपाट उभं होतं. समोरून भिंत कोरडी ठणठणीत. कपाट ओढल्यावर मात्र मागचं प्लायवुड खालून वीतभर काळपट-हिरवं झालेलं दिसलं. त्यावर अंगठा दाबला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, बाथरूमला लागून असलेल्या किंवा बाहेरच्या भिंतीपासचं सगळं सामान आजच ओढून बघा.

ओल भिंतीतून येतेय की खोलीतल्या दमट हवेतून, हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. संशयित जागी हातभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या मागे पाणी दिसलं तर ओल भिंतीत आहे. पुढच्या बाजूला दिसलं तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय, तेव्हा दुरुस्ती खोलीच्या हवेची करायची: एक्झॉस्ट फॅन, समोरासमोरच्या खिडक्या उघडणं, ओले कपडे आत न वाळवणं. साधं आर्द्रतामापक आणा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली हवाच, ३० ते ५० च्या दरम्यान असेल तर उत्तम.

गळती बंद झाल्यावरच सफाई. एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि दमा असलेल्या माणसाला त्या दिवशी घरात ठेवू नका. कोरडी बुरशी कधीही खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी ओली करा. फरशी, काच, धातू साबणाच्या पाण्याने घासून लगेच कोरडे करा. कुजलेलं प्लायवुड, जिप्सम बोर्ड, गालिचा टाकून द्यावा लागतो, कारण बुरशी त्यांच्या आतपर्यंत गेलेली असते. ब्लीच अशा सच्छिद्र वस्तूंवर वरचा डाग फिका करतं, मुळाशी पोचत नाही. ते व्हिनेगर, अमोनिया किंवा टॉयलेट क्लीनरबरोबर तर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. साधारण एक चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर बुरशी असेल तर जाणकार माणूस बोलवा.

भिंतीचे पोपडे काढल्यावर ती सुकायला वेळ द्या. आमची सुकायला दीड महिना लागला. फॉइलची परीक्षा पुन्हा करा, मागची बाजू कोरडी निघाली की मग रंग. यापुढे काही सांडलं किंवा भिजलं तर २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळवा, त्यानंतर बुरशी धरायला लागते.

तुमच्या बेडरूमच्या कोणत्या भिंतीपलीकडे बाथरूम किंवा स्वयंपाकघर आहे, आणि फॉइलच्या कोणत्या बाजूला पाणी आलं, ते इथेच लिहा. पुढचं त्यावरून सांगता येईल.