रंग आईच्या इरकलीपासून ठरवावेत

प्रश्न : येत्या माघात माझ्या आई-वडिलांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त शेतावर तिन्ही पिढ्यांचे फोटो काढून घेण्यासाठी आम्ही छायाचित्रकाराला बोलावले आहे. सर्वांनी एकाच रंगाचे नवे कपडे घालावेत आणि आईला भरजरी पैठणी घ्यावी, असा मुलांचा आग्रह आहे. आई मात्र कायम गडद रंगाचे इरकली लुगडे नेसते, तर वडील पांढरे धोतर, सदरा आणि टोपी वापरतात. काय ठरवावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या आई-वडिलांचा वेश मुळीच बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या बाईने सारे आयुष्य नऊवारी नेसून काढले, तिला ऐनवेळी कोरे, जड रेशीम नेसवले, तर तिचा हात सारखा पदराकडे जातो आणि तो अवघडलेपणा चेहऱ्यावर उतरतो. मुलांना काही नवे घ्यायचेच असेल, तर आईला दुकानात नेऊन तिच्या पसंतीची इरकलच घ्यावी. माघातली सकाळ गार असते, तेव्हा वडिलांच्या खांद्यावर संभाजीनगरची हिमरू शाल शोभून दिसेल.

बाकीच्यांचे रंग या दोघांवरून ठरवावेत. इरकलीचा लाल पदर आणि त्यावरील पांढरी नक्षी ही आपली रंगांची पेटी समजावी, आणि मुला-नातवंडांनी त्यातला एखादा रंग किंवा त्यांना साजणारा मोतिया, हळदी, फिकट राखाडी निवडावा. सगळे एकाच रंगात आले, की कपडे एकमेकांत मिसळून जातात आणि ज्यांच्यासाठी हा सोहळा आहे तेच गर्दीत हरवतात. बारीक, दाट रेषांचे आणि चौकड्यांचे शर्ट मात्र टाळावेत, कारण डिजिटल कॅमेऱ्यात त्या रेषांवर नसलेल्या लहरी उमटतात.

सर्वांत जास्त काळजी वडिलांच्या पांढऱ्या कपड्यांची घ्यावी लागेल. भर उन्हात पांढऱ्या कापडावरून इतका प्रकाश परततो, की धोतराच्या निऱ्या पुसल्यासारख्या होतात, आणि कॅमेऱ्याने ते पांढरे सांभाळायचे ठरवले तर सावळे चेहरे काळवंडतात. त्यामुळे सूर्योदयानंतरचा तासभर किंवा मावळतीपूर्वीचा वेळ निवडावा. धोतराला नीळ बेताचीच द्यावी, कारण ती जास्त झाली तर सावलीत कापड आणखी निळसर दिसते.

सूनबाईंकडे आधीच पैठणी असेल, तर ती जरूर नेसावी. अनेक पैठण्यांत ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, वेगवेगळ्या रंगांचे असल्यामुळे बाजूने येणाऱ्या कोवळ्या उन्हात तिची धूपछाव, म्हणजे बदलत्या रंगांची झळाळी, फार सुंदर उठून दिसते. समोरून फ्लॅश मारला, की जरीच्या जागी नुसते पांढरे डाग उरतात, म्हणून छायाचित्रकाराला तसे आधीच सांगून ठेवावे. पैठणी नेसणारीने मधोमध न बसता जरा कडेला बसावे.

जागेचा रंगही पाहावा. माघात रब्बीची ज्वारी उभी असते, तिच्यासमोर पोपटी, हिरवे कपडे विरून जातात, तर नांगरलेल्या काळ्या रानासमोर गडद लुगडे दिसत नाही. आईला ज्वारी पाठीशी येईल असे बसवावे, म्हणजे इरकल उठून दिसेल.

आदल्या दिवशी सर्वांचे कपडे ओसरीवर, दिवसाच्या उजेडात, शेजारी शेजारी मांडून मोबाइलवर एक फोटो काढून पाहावा, कारण नको तो भडक रंग त्यात लगेच कळतो. लहान मुलांना कोरे, टोचणारे कपडे घालू नयेत. आई-वडिलांना बाजेवर बसवणार असाल, तर तिच्यावर फुलाफुलांची चादर न घालता फिकट राखी, एकरंगी घोंगडी अंथरावी, आणि पुढच्या रांगेतल्यांनी रंगीबेरंगी बूट काढून अनवाणीच बसावे.