शहर वाढलं की वारा अडतो म्हणतात, मग उंच टॉवरखाली तो एवढा जोरात का सुटतो?

कारण वारा नाहीसा होत नाही, त्याची वाट बदलते. दाट वस्तीत वाऱ्याला जणू जमिनीची पातळीच वर सरकल्यासारखी वाटते, साधारण इमारतींच्या सरासरी उंचीच्या दोन तृतीयांशापर्यंत. मुख्य प्रवाह त्याच्याही वरून जातो.

गल्लीत किती हवा उतरेल हे ठरतं इमारतीची उंची भागिले रस्त्याची रुंदी या गुणोत्तरावर. वारा रस्त्याला आडवा असेल, तर गुणोत्तर साधारण 0.3 पेक्षा कमी असताना तो इमारत ओलांडून पुन्हा जमिनीपर्यंत येतो. 0.7 च्या वर गेलं की तो छपरांवरूनच घसरत जातो. म्हणजे 12 मीटर रस्त्यालगत 15 मीटरच्या सलग इमारती (गुणोत्तर 1.25) असल्या, की खाली फक्त एक भोवरा फिरत राहतो. वाहनांचा धूर तो वारा येतो त्या बाजूच्या इमारतींच्या भिंतीशी साठवतो. अशा अरुंद गल्लीवर झाडांचं गच्च छत आलं तर धूर आणखी कोंडतो. तिथे विरळ फांद्यांची झाडं बरी.

आता टॉवर. शेजारच्या इमारतींपेक्षा खूप उंच असलेला एकटा टॉवर वरचा वेगवान वारा अडवतो. त्यातला बराच भाग दर्शनी भिंतीवरून खाली ढकलला जातो आणि कोपऱ्यांवरून जोरात निसटतो. मागे मात्र हवा मंद. तुम्हाला जाणवतो तो हाच कोपऱ्यावरचा झोत. त्यावरून परिसरात हवा खेळते असं समजू नका.

माझ्या मते उंचीपेक्षा जास्त नुकसान करतात एकमेकींना चिकटून उभ्या केलेल्या इमारती आणि अख्खा प्लॉट व्यापणारे पोडियम (टॉवरच्या पायथ्याचे रुंद, पसरट मजले), कारण माणूस जिथे चालतो तिथलीच वाट ते बंद करतात. 2003 च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर हाँगकाँगने हा प्रश्न गंभीरपणे घेतला. तिथे वायुवीजनाचा अभ्यास करताना जमिनीपासून 2 मीटरवरचा वेग वरच्या मोकळ्या वाऱ्याच्या किती पट आहे ते पाहतात. मुख्य रस्ते प्रमुख वाऱ्याला समांतर किंवा फार तर 30 अंशांत ठेवा, असं तिथलं मार्गदर्शन आहे.

डोंगरपायथ्याच्या शहरांत आणखी एक गोष्ट जपावी लागते: निरभ्र, शांत रात्री उतारावरून खाली वाहणारी थंड हवा. तिचा थर पातळ आणि वेग कमी, त्यामुळे उताराला आडवी उभी केलेली बुटकी इमारतसुद्धा तिला अडवते. जर्मनीतलं श्टुटगार्ट खोलगट भागात वसलंय, तिथे वारा मुळातच कमी. म्हणून उतारावरच्या अशा वाटा नियोजनात मोकळ्या ठेवल्या जातात.