घड काढ, घाबरू नकोस

अरे, तुझा लांबलचक मेसेज वाचला. वडील म्हणतात द्राक्षाचा एकही घड कापून टाकायचा नाही, वायनरीवाला म्हणतो टनेज, म्हणजे एकरी माल, कमी करा, आणि तू मधल्या मध्ये लटकलायस. घड काढ. शिराझ लावलीयस तू, रेड वाइनची जात, खायची थॉम्पसन नाही.

थॉम्पसनला आपण जीए (मणी वाढवायचं संजीवक) देऊन मणी फुगवतो कारण टपोऱ्या मण्याला भाव. रेड वाइनचं उलटं. शिराझचा एक मणी दाबून बघ, रस जवळपास बिनरंगी निघतो, रंग आणि टॅनिन सगळं सालीत न् बियांत. मणी बारीक तर तेवढ्याच रसाला साल जास्त, आणि टाकीत रस सालीवर राहतो तेव्हा वाइनला अंग येतं ते तिथूनच. घड भरमसाठ ठेवलेस तर पानं तेवढीच आणि खाणारी तोंडं जास्त, पिकायला उशीर, तोवर मार्चचं ऊन डोक्यावर, आंबटपणा उतरतो पण साल कच्चीच. असली वाइन पातळ लागते.

म्हणून सेटिंगनंतर, म्हणजे मणी धरले की, बागेचं पाणी जरा ताणून धर, आणि मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरताना, जे घड मागे राहिलेत, अर्धे हिरवेच, ते काप. फार आधी काढलेस तर उरलेले मणी फुगतात, मग काय उपयोग! आणि डाऊनी रोगाने घड गेले, टनेज घटलं, त्याला क्वालिटी म्हणू नकोस बाबा. काळ्या भारी जमिनीत तर नुसते घड काढून भागत नाही, वेल पानांत माजते, घडाजवळची पानं पण विरळ करावी लागतात.

फ्रान्समध्ये बर्गंडीत ग्रां क्रू, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या, रेडला हेक्टरी साधारण ३५-३७ हेक्टोलिटरची मर्यादा आहे, म्हणजे एकरी जेमतेम २ टन. आपण तेवढं खाली नको जाऊ, पण दिशा तीच.

२००९च्या सुमारास मंदी आली, माल घेणाऱ्या कंपनीने माझे पैसे अडकवले, आजूबाजूच्यांनी वाइनच्या बागा काढल्या. मी ठेवली, आणि घड वाढवून तूट भरायलाही गेलो नाही. घरात फार ऐकून घेतलं, पोरांना त्या वर्षांत हात आखडून वाढवलं याचं आजही वाईट वाटतं. पण बागेच्या बाबतीत माझं बरोबरच होतं, त्या कमी मालाची वाइन ज्यांनी प्यायली त्यांना विचार.

वडिलांवर चिडू नकोस. दर किलोवर असेल तर घड कापणं म्हणजे त्यांना नोटा कापल्यासारखंच वाटणार ना. यंदाचं झालं ते झालं, पुढच्या ऑक्टोबर छाटणीआधी वायनरीशी एकरावर दर ठरव, लेखी घे. टनेज कमी त्यांना हवंय, तर तूट एकट्या शेतकऱ्याने का सोसायची? पण बोलणी होईस्तोवर थांबू नकोस, पाणी उतरायला लागलंय, या आठवड्यात कात्री घेऊन बागेत जा.